यजमानपदाची पात्रता



बुलढाण्याचा गारवा विदर्भात नावाजलेला असला, तरी या डोंगरमाथ्यावर हिम पडत नाही. मग हिवाळी ऑलिम्पिक कोणत्या नगरीत भरावे, या प्रश्नाशी या जिल्ह्याचा संबंध काय? संबंध हिमाचा नाही, यजमानपदाचा आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे १४१ वे अधिवेशन मुंबईत भरले. २०३० आणि २०३४ या दोन्ही हिवाळी स्पर्धांचे यजमान एकाच वेळी निवडण्याचे तेथे ठरले. तापमानवाढीमुळे २०४० पर्यंत हिमक्रीडा भरवू शकणारे जेमतेम दहा देश उरतील, असा अभ्यास समितीपुढे होता. जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथे २०३० साठी फ्रान्सचा आल्प्स प्रदेश आणि २०३४ साठी अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी यांची निवड झाली.

याच सॉल्ट लेक सिटीने २००२ च्या स्पर्धा मिळविताना समितीच्या सदस्यांवर भेटवस्तू व लाभांची खैरात केली होती. १९९८ च्या अखेरीस ते उघडकीस आले आणि पुढील वर्षी अनेक सदस्यांची पदे गेली. यजमानपद विकत घेता येते. प्रतिष्ठा घेता येत नाही.

भारतालाही हा धडा मिळाला आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये रशियातील सोची येथे हिवाळी ऑलिम्पिकचे उद्घाटन झाले, तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटना निलंबित होती. शिवा केशवन आणि त्यांचे दोन सहकारी तिरंग्याविना, ऑलिम्पिकच्या ध्वजाखाली संचलनात उतरले. निलंबन काही दिवसांतच उठले. पण तो क्षण परत आला नाही. दोष पदाधिकाऱ्यांचा होता, अपमान मात्र खेळाडूंच्या वाट्याला आला.

त्याच मुंबई अधिवेशनात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २०३६ चे ऑलिम्पिक भारतात भरविण्याचा संकल्प जाहीर केला. हा संकल्प केवळ भव्य क्रीडांगणांनी सिद्धीस जाणार नाही. शेगावी श्री गजानन महाराज संस्थानात हजारो सेवेकरी आपापल्या पाळीने येतात, मोबदला न घेता भाविकांची व्यवस्था पाहतात आणि घरी परततात. तेथील स्वच्छता व शिस्त सर्वांनी पाहिलेली आहे. पाहुण्याची सेवा आणि पै-पैचा चोख हिशेब, ही यजमानाची खरी पात्रता होय. ती सिद्ध करून दाखविणारा जिल्हा राष्ट्राला पुष्कळ काही देऊ शकतो.