पुनर्विकास आणि पायी चालणारा माणूस

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या संमेलनात विद्यार्थ्यांचा गुणगौरव होतो, वधूवरांच्या याद्या वाचल्या जातात, विद्यानिधीचा हिशेब सादर होतो. हे सर्व उचितच आहे. परंतु गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत राहणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांपुढे आज एक कागद येऊन ठेपला आहे. तो पुनर्विकासाच्या संमतिपत्राचा कागद होय. एक पिढी ज्या जागेत वाढली आणि दुसरी ज्या जागेत वाढावयाची, त्या जागेचे भवितव्य एका सहीने ठरते. म्हणून त्या सहीपूर्वी काय पाहावे, याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा मी अध्यक्षांकडे मागितली आणि त्यांनी ती उदारपणे दिली.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. जुन्या चाळींचे गोडवे गाण्यासाठी मी उभा नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे, मजल्याच्या टोकाला सामायिक संडास, पावसाळ्यात गळके छत आणि टेकूवर उभी असलेली गॅलरी, यांत गौरव करण्यासारखे काही नाही. त्याचा सर्वाधिक त्रास घरातील स्त्रियांना झाला आहे. २०१७ च्या ऑगस्टअखेरीस भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जीर्ण इमारतीत राहणे म्हणजे मृत्यूला उशाशी घेऊन निजणे होय. तेव्हा पुनर्विकास व्हावयासच हवा. प्रश्न एवढाच, की तो कोणत्या नियमांनी आणि कशा आकाराने व्हावा.

संमतीच्या सभेत बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : चटई क्षेत्र किती मिळणार? उपकरप्राप्त इमारतीतील निवासी भाडेकरूला किमान तीनशे चौरस फूट मिळावे, असा आजचा नियम आहे. एकशेवीस फुटांत संसार केलेल्या माणसाला हा आकडा मोठा वाटावा, यात नवल नाही. परंतु माणूस केवळ चार भिंतींत राहत नाही. उंबऱ्याबाहेरचा रस्ता, गल्ली, दुकान, देऊळ, शाळा हाही त्याच्या घराचाच विस्तार असतो. तीनशे फूट मिळाले आणि हा विस्तार गेला, तर मिळाले किती व गेले किती, याचा हिशेब कोणी मांडावयाचा?

गिरगावचेच उदाहरण घ्या. चर्नी रोडचे स्थानक, भाजीबाजार, वैद्य, शाळा, केळेवाडीतील साहित्य संघ, फडकेवाडीचा गणपती हे सारे पायी दहा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यात आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात भुयारी मेट्रोचे गिरगाव स्थानकही सुरू झाले. येथे सत्तरीची आजी एकटी भाजी आणते, दहा वर्षांचा नातू एकटा शिकवणीला जातो आणि कोणाला गाडी काढावी लागत नाही. केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तो अशाच वस्तीत रुजला. कारण जिन्यावरून उतरलेला माणूस तेथे थेट माणसांत येतो.

हे कशामुळे घडते? तळमजल्यावर दुकाने व वर बिऱ्हाडे असतात, म्हणून रस्ता सकाळपासून रात्रीपर्यंत जागा राहतो. दुकानदाराची नजर हाच तेथला पहारा असतो. इमारती रस्त्याला लागून असतात, मध्ये लांबच लांब आंधळी भिंत नसते. वाड्यांतून आरपार वाटा असतात, म्हणून फेरा पडत नाही. ही तीन लक्षणे ध्यानात ठेवावीत. पुढील विवेचनात त्यांचेच काम आहे.

आता कोणी म्हणेल, अशी वस्ती आपोआप होते, तिला नियम कशाला? इतिहास निराळे सांगतो. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि १८९८ साली शहर सुधारणेसाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. आरंभीच्या वर्षांत या ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. पण घरे पाडण्याचा वेग बांधण्याच्या वेगाहून अधिक ठरला. उठवलेली गरीब माणसे शेजारच्या गल्ल्यांत कोंबली गेली आणि एका ठिकाणची दाटी दुसऱ्या ठिकाणी गेली. पुनर्विकासाचा हा पहिला धडा आहे.

दुसरा धडा दादर-माटुंग्याचा. तेथे ट्रस्टने मोकळ्या जमिनीवर आधी रस्ते, बागा व भूखंड आखले आणि मग घरांना परवानगी दिली. पारशी कॉलनीसाठी मंचरजी जोशी यांनी १०३ भूखंड राखून घेतले. तळमजला व वर दोन मजले एवढीच उंची ठरली आणि रस्त्यांच्या कडेने झाडे लावली गेली. शेजारची हिंदू कॉलनी आणि पलीकडचे शिवाजी पार्क हीही आखून वसवलेल्या वस्तीचीच उदाहरणे. शिवाजी पार्कचे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुले झाले आणि १९२७ साली अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून त्यास शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. आज त्या कट्ट्यावर बसणाऱ्याला तो निसर्गाचा प्रसाद वाटतो. वस्तुतः तो आखणीचा आणि नियमाचा प्रसाद आहे.

त्या काळचा एक नियम मुद्दाम सांगण्यासारखा आहे. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी १९१२ साली मुंबईच्या घरांतील उजेड व हवा या विषयावर व्याख्यान दिले आणि साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा पुरस्कार केला. भूमितीच्या भाषेत त्याचा अर्थ सोपा आहे : समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मे तरी अंतर आपल्या खिडकीपुढे मोकळे हवे. साठ फूट उंचीला तीस फूट. म्हणजे तळमजल्यावरच्या खोलीलाही आकाशाचा तुकडा दिसतो. आता हेच गणित दोनशे फुटी मनोऱ्याला लावून पाहा. शंभर फूट मोकळे लागतील. आजच्या पुनर्विकासाच्या योजनांत सामासिक अंतरांना सवलती दिल्या जातात, आणि त्या सवलतींची किंमत खालच्या मजल्यावरचा माणूस दिवसा दिवा लावून भरतो. जुन्या भाडेकरूंची इमारत पुष्कळदा विक्रीच्या मनोऱ्याच्या सावलीतच उभी राहते, हे विसरू नये.

येथे चटई क्षेत्र निर्देशांक या शब्दाचा उलगडा केला पाहिजे. हजार चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक तीन असेल, तर तीन हजार चौरस मीटर बांधकाम करता येते. हे बांधकाम पाचशे मीटरच्या पायावर सहा मजल्यांत बसते. तेच दीडशे मीटरच्या पायावर वीस मजल्यांत बसते. निर्देशांक दोन्हींचा एकच; पण रस्त्यावरून चालणाऱ्याला दोन निरनिराळी गावे दिसतात. निर्देशांक किती बांधावे ते सांगतो, कसे बांधावे ते सांगत नाही. शिवाय नियमाने आवश्यक असलेला वाहनतळ या मोजणीत धरला जात नाही. त्यामुळे खालचे चार-पाच मजले मोटारींना देऊन माणसांना त्यांच्या डोक्यावर बसवणे बिल्डरला सोयीचे पडते. परिणाम असा, की जेथे किराणा, शिंपी, पुस्तकवाला होता, तेथे जाळीची उंच भिंत येते. रस्त्यावरची नजर जाते, आणि तिच्याबरोबर रस्त्याचा जीवही जातो.

नियमातील एखादे वाक्य बदलले म्हणजे काय होते, याचा दाखला परळच्या गिरण्यांत आहे. १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीची तीन भागांत विभागणी होती : एक भाग मोकळ्या जागेसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ साली दुरुस्ती होऊन ही विभागणी मुख्यतः आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली आणि लोकांच्या वाट्याची जमीन पुष्कळच घटली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. धुराडी गेली, काचेच्या कचेऱ्या आल्या, हजारो माणसे रोज तेथे येऊ लागली. पण त्यांनी चालावे कोठून, याचा विचार मागेच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजच्या प्रभादेवी स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. मजले वाढवले आणि वाट वाढवली नाही, तर काय होते, हे याहून कठोर शब्दांत कोणी सांगू शकणार नाही.

मग आपण काय मागावे? माझ्या अल्प मतीप्रमाणे पाच गोष्टी मागाव्यात.

पहिली : सही करण्यापूर्वी केवळ आपल्या खोलीचा नकाशा पाहू नये; संपूर्ण भूखंडाचा आराखडा आणि रस्त्याकडील दर्शनी बाजूचे चित्र मागावे. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूने दुकाने, दवाखाना, वाचनालय अशी माणसांची वर्दळ असावी. वाहनतळ त्यांच्या पाठीमागे किंवा जमिनीखाली जावा. जुन्या दुकानदारांना त्याच रस्त्यावर तोंड असलेली जागा मिळावी.

दुसरी : पदपथ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेनुसार निवासी भागात पदपथाची अडथळारहित रुंदी किमान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट हवी; व्यापारी भागात अडीच मीटर. पदपथाची उंची दीडशे मिलिमीटर, म्हणजे सहा इंचांहून अधिक नसावी. काठी टेकणाऱ्याला आणि कडेवर मूल असलेल्या आईला या सहा इंचांचे महत्त्व विचारा. मोटारींचे प्रवेशद्वार शक्यतो बाजूच्या गल्लीतून असावे, म्हणजे मुख्य पदपथ जागोजागी तुटणार नाही.

तिसरी : वाडीतून जाणारी आरपार वाट पुनर्विकासानंतरही खुली राहावी आणि ती नकाशावर लेखी दाखवलेली असावी. तोंडी आश्वासन फाटक बसताच संपते.

चौथी : भाडेकरूंच्या इमारतीपुढील मोकळी जागा फुटांत मोजून लिहून घ्यावी आणि तीस ऑरसाहेबांचे निम्म्या उंचीचे माप लावून पाहावे. ते पुरे मिळणार नाही. पण किती कमी मिळते, ते तरी सर्वांना कळेल, आणि कळलेल्या गोष्टीवर बोलणी करता येते.

पाचवी : एकट्या इमारतीने घाई करू नये. लहान भूखंडावर एकटा मनोरा उभा राहतो. त्यास ना पदपथ देता येतो, ना अंगण. समूह पुनर्विकासाची तरतूद शहर विभागात किमान चार हजार चौरस मीटर क्षेत्राला लागू होते. भेंडीबाजारात दाऊदी बोहरा समाजाच्या विश्वस्त संस्थेने २००९ पासून साडेसोळा एकरांवर असा प्रयत्न चालवला आहे, आणि त्यात रस्ते रुंद करण्याचाही समावेश आहे. तेथील उंच मनोरे सर्वांनाच रुचतील असे नाही. पण एका ज्ञातिसंस्थेने आपल्या लोकांना त्यांच्याच वस्तीत ठेवण्याची जबाबदारी घेतली, ही गोष्ट आपल्यासारख्या मंडळाने विचारात घेण्याजोगी आहे. मात्र समूह योजनेत निर्देशांक चार किंवा त्याहून अधिक मिळतो, म्हणजे माणसेही वाढतात. म्हणून पहिल्या चार मागण्या तेथे दुपटीने आवश्यक ठरतात.

बिल्डर म्हणेल, यासाठी पैसा लागतो. लागतो खरा. परंतु दर्शनी दुकाने विकून पैसाही येतो, आणि चालण्याजोग्या रस्त्यावरच्या घराची किंमत वाढते, हे तो आपल्याहून चांगले जाणतो. आपले बळ एका आकड्यात आहे. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासाला किमान ५१ टक्के रहिवाशांची लेखी संमती लागते, आणि ती एकदा दिली म्हणजे परत घेता येत नाही. सहीपूर्वी आपण मालक असतो. सहीनंतर अर्जदार होतो. जे मागावयाचे ते सहीपूर्वी मागावे.

अध्यक्षमहाशय, शेवटी एक सूचना मांडतो. आपल्या ज्ञातीत स्थापत्यविशारद आहेत, अभियंते आहेत, वकील आहेत, नगरपालिकेतून निवृत्त झालेले अधिकारी आहेत. विवाहासाठी जसे आपले सूचक मंडळ आहे, तशी पाच जणांची एक गृहसल्लागार समिती नेमावी. ज्या कुटुंबापुढे संमतिपत्र येईल, त्याने ते समितीकडे आणावे. समितीने आराखडा वाचून वर सांगितलेल्या पाच गोष्टींचा अभिप्राय साध्या मराठीत, विनामूल्य लिहून द्यावा. यास मोठ्या निधीची गरज नाही. महिन्यातून दोन रविवार आणि एक टेबल पुरे.

आपल्या वडीलधाऱ्यांनी गावाकडून येऊन या शहरात एकेक खोली मिळवली, ती स्वतःच्या श्रमाने. त्या खोलीच्या जागी मोठे घर येत आहे, याचा आनंद मानावा. परंतु त्या घरातून उतरून आपल्या वृद्ध मातेला कोणाचा हात न धरता देवळापर्यंत जाता येईल काय, हा प्रश्न प्रत्येक सभेत उभे राहून विचारावा, आणि त्याचे उत्तर नकाशावर मागावे.