मुशी बघायची तर पहाटे उठा



नाशिकच्या कॉलेजात शार्कवर बोलायचंय म्हटल्यावर माझा एक सहकारी हसला. "गोदावरीत निघाला की काय?" गोदावरीत नाही. पण आपल्याच त्र्यंबकच्या डोंगरातून निघणारी वैतरणा पश्चिमेला जाते आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघरच्या मनोरजवळ तिच्या खाडीत शार्कने एका माणसाचा पाय धरला. बुल शार्क असावा, असं जाणकारांचं मत पडलं. खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्यात शिरणारी ही जात. त्या एका चाव्याची बातमी देशभर झाली. आपण रोज ताटात घेतो त्या शार्कची कुठे होते? मालवणी खानावळीतली 'मोरी' म्हणजे शार्कच. मुंबईकडे तिला मुशी म्हणतात.

प्राणिशास्त्राची मुलं मला विचारतात, "सर, दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात बसून ग्रेट व्हाइट दाखवतात, त्या कोर्सला पैसे भरू का?" घरचे देत असतील तर जा, मजा येईल. पण ती सहल झाली. काम शिकायचं तर मुंबईच्या ससून डॉकवर पहाटे जा. खर्च रेल्वेच्या तिकिटाचा.

तिथे बर्फाचं पाणी पायात, माशांच्या पाट्या डोक्यावरून चाललेल्या आणि लिलाव जोरात. माल उचलला जाण्याआधी तुम्हाला टेप लावायची असते, तुंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत. मग मुशी उलटी करायची. पोटाखालच्या परांजवळ दोन बोटांसारखे अवयव दिसले तर नर. छातीच्या परांच्या मधोमध न भरलेली बारीक चीर दिसली तर समजा, नाळ नुकतीच तुटलीय, पिल्लू काही दिवसांचंच आहे. ही चीर मी पुस्तकात कितीदा वाचली होती. बोट फिरवलं तेव्हा कळली.

आणि इथेच खरी गोष्ट आहे. बांगडा लाखांनी अंडी घालतो, मुशीला मोजकी पिल्लं होतात आणि मोठ्या जाती वयात यायला कितीतरी वर्षं घेतात. हातोड्याच्या डोक्याची कानमुशी जन्मते हातभर, वाढते तीन मीटरच्या वर. तिच्या काही जाती आज जगभर अतिसंकटग्रस्त आहेत. पाटीत हातभर लांबीच्याच दिसायला लागल्या, तर जाळं पाळण्यापर्यंत पोचलं, असा त्याचा अर्थ.

पण त्यासाठी कोळ्यांना दोष देऊ नका. मुशीसाठी मुद्दाम जाळं टाकणारे थोडे, बाकीच्यांना ती इतर मासळीबरोबर येते. देवमाशाएवढा वाढणारा व्हेल शार्क २००१ पासून कायद्याने संरक्षित आहे. तो अडकला आणि जाळं कापून सोडला, तर आपलं राज्य सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं, फोटो किंवा चित्रफीत मात्र लागते. समुद्रात, हलत्या होडीत, हजारोंचं जाळं कापायचं आणि वर फोटोही काढायचा! तरी लोक हे करतात. संवर्धन करणारे ते, आपण नोंद ठेवणारे.

तेव्हा ससून डॉकवर गेलात की कोळणीला आधी विचारा, "मावशी, ही मोजू का?" नाही म्हणाल्या तर बाजूला व्हा. फोटो विचारूनच. गिऱ्हाईक उभं असताना प्रश्न नकोत. दोन-चार पहाटा नुसतं उभं राहावं लागेल, मग त्याच बोलावतील, "ए पोरा, ही वेगळीच आलीय, बघ."

पोहायला येत नाही, समुद्र दीडशे-दोनशे किलोमीटर दूर, ही कारणं चालणार नाहीत. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, पदव्युत्तर शिक्षण तिथे होतं. तोवर इथल्याच मासळी बाजारात रविवारी वही घेऊन जा. आलेली मुशी कुठल्या बंदरावरची, किती लांब, नर की मादी, एवढं लिहा आणि वही तुमच्या प्राध्यापकांकडे द्या. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. परीक्षा संपली की मे महिना हातात आहे, तेवढ्यात ससून डॉक गाठा.