मोटारीचा टप व त्याचे अनोळखी भाग

नंदुरबार जिल्ह्यांतील सारंगखेडें येथें दत्तजयंतीच्या सुमारास तापीकांठीं जी जत्रा भरते, ती घोड्यांच्या बाजारासाठीं दूरवर प्रसिद्ध आहे. घोड्याबरोबर गाडी आली आणि गाडीबरोबर उन्हापावसापासून रक्षण करणारा टपही आला. मोटारीनें पुढें घोड्यास रजा दिली. परंतु टप मात्र तिनें घोड्याच्या गाडीकडूनच उसना घेतला. टूरिंग मोटार या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या चार-पांच माणसांच्या उघड्या गाडीचें छत म्हणजे हाच मागें मिटतां येणारा टप होय.

अशा मोटारींत फोर्ड कंपनीची मॉडेल टी विशेष प्रसिद्ध. १९०८ ते १९२७ या काळांत तिच्या सर्व प्रकारच्या मिळून सुमारें दीड कोटी गाड्या तयार झाल्या. पुढें मुंबईस १९२६ सालीं फोर्डची कंपनी स्थापन झाली, व १९२८ सालीं जनरल मोटर्सनें शिवडी येथें गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. पण त्याच सुमारास बंद छपराच्या गाड्या स्वस्त होऊं लागल्या आणि टूरिंग मोटार मागें पडली. ज्या गाड्या राहिल्या, त्यांचें कापड फाटतें, लांकूड वाळवी खाते, आणि शेवटीं लोखंडाचे कांहीं वांकडे तुकडे तेवढे उरतात. शहादें किंवा तळोदें येथील एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर असे तुकडे निघाले, तर ते कशाचे हें घरांत कोणास सांगतां येत नाहीं. आणि मग ते मोडीच्या भावानें जातात. एखादी गाडी आपलें मूळ रूप गमावते ती अशा वेळीं.

तुकड्याची ओळख पटविण्यापूर्वीं टपाची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. वाफेवर वांकविलेल्या लांकडाच्या तीन-चार कमानी हा त्याचा सांगाडा. प्रत्येक कमानीचीं टोकें लोखंडी नळ्यांत बसविलेलीं असतात, व त्या नळ्या खिळीवर फिरतात. टप मिटला म्हणजे कमानी गाडीच्या मागील बाजूस एका लहानशा बैठकीवर टेकतात व पट्ट्यानें आवळल्या जातात. नाहीं तर खडबडीत रस्त्यावर त्या एकमेकींवर आपटून मोडतील. पुढची बाजू जुन्या फोर्ड गाड्यांत लांब चामडी पट्ट्यांनीं सांगाड्याच्या पुढील टोकाशीं ताणलेली असे. नंतर ती समोरील कांचेच्या चौकटीस अडकविण्याची सोय झाली. सर्वांत अधिक घोटाळा होतो तो बैठकी, अडकण व खिळींचे आधार यांविषयीं. कारण टपावेगळे पाहिले असतां त्यांचा उपयोग मुळींच सुचत नाहीं.

पहिली शंका येते ती हा भाग मोटारीचा कीं व्हिक्टोरियासारख्या घोडागाडीचा, ही. घोडागाडीचा टप बहुधा मागील बैठकीपुरताच असल्यामुळें त्याच्या कमानी पंख्याच्या काड्यांप्रमाणें एकाच ठिकाणाहून निघतात. टूरिंग मोटारीचा टप थेट समोरच्या कांचेपर्यंत पोंचवावा लागतो. म्हणून मुख्य नळीच्या मध्यावर दुसरी खीळ देऊन तेथून एक बाहू पुढें काढलेला असतो. नळीच्या मधोमध असें भोंक किंवा कान दिसला, तर मोटारीचा संभव अधिक.

यानंतर क्रम महत्त्वाचा आहे. तुकडा घासून लख्ख करण्याचा मोह प्रथम आवरावा. कारण गंजाखालील रंग, चामड्याचा अवशेष व घर्षणानें झिजलेली जागा हाच त्याचा पुरावा होय. मग तो डावा कीं उजवा हें ठरवून त्याचा जोडीदार शोधावा. नळीचें तोंड गोल कीं लंबगोल, खिळींमधील अंतर किती, वांक किती, हें मापून कागदावर उतरावें. मुलामाही बोलका असतो. पितळ साधारणपणें आरंभींच्या गाड्यांवर, निकेल त्यानंतर, आणि क्रोमियम विसाच्या दशकाच्या उत्तरार्धापासून दिसूं लागतें. मात्र मुलामा मागाहूनही चढवितां येतो, म्हणून एकट्या त्यावर विसंबूं नये.

ठशाविषयींही तीच सावधगिरी हवी. टपाचें सामान पुष्कळदां स्वतंत्र कारखाने करीत व एकाच नमुन्याचा भाग अनेक कंपन्यांच्या गाड्यांवर चढे. सबब त्यावरील नांव गाडीचें असेलच असें नाहीं. पेटंटची तारीख असल्यास भाग त्यापूर्वींचा नाहीं एवढेंच सिद्ध होतें. अखेरचा निर्णय गाडीच्या अंगावरील जुन्या भोकांनीं द्यावा. पुठ्ठ्याचा नमुना कापून तो त्या भोकांशीं जुळवावा, पण भाग बसेना म्हणून गाडीस नवें भोंक पाडूं नये.

२०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठीं स्वतंत्र नियम केले. त्यांत वाहन मूळ रूपांत असावें, त्याचा सांगाडा, बांधणी व एंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. त्यामुळें मूळ रूपाचा प्रश्न आतां केवळ हौशी लोकांचा राहिला नाहीं.

गांवच्या कुशल लोहारास डाव्या भागावरून उजवा घडवितां येईल. दोन्ही नाहींसे झाल्यावर मात्र त्याच्यापुढें नमुनाच उरत नाहीं. म्हणून माळा झाडतांना सांपडलेला अनोळखी तुकडा कोठें, कोणत्या वस्तूंबरोबर सांपडला हें चिठीवर लिहून ती त्यास बांधावी, आणि जोडी एकत्र ठेवावी. ओळख आज पटली नाहीं तरी चालेल. ती पुढें पटण्याची वाट खुली राहिली पाहिजे.