जंतूंच्या नांवांची दुरुस्ती

धुळें जिल्ह्यांत, तापीच्या खोऱ्यांत, शिंदखेडा नांवाचें गांव आहे. गांवकरी त्यास शिंदखेडा म्हणतात. रेल्वेच्या इंग्रजी लिखाणांत तें सिंदखेडा होतें आणि २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी कोष्टकांत सिंदखेडे. गांव एकच, रूपें तीन. टपालवाला जाणता असला तर पत्र पोंचतें. पण तिकडे बुलढाणे जिल्ह्यांत जिजाबाईंचें जन्मस्थान सिंदखेड राजा आहे, हें ध्यानीं घेतलें म्हणजे एकेका अक्षराची किंमत कळूं लागते.

जंतूंचें याहून अवघड. गांव निदान डोळ्यांना दिसतें; जंतूची ओळख जगभर त्याच्या लॅटिन वळणाच्या दोन पदांच्या नांवावरच चालते. पूर्वीं एकाच जंतूस निरनिराळ्या देशांत निरनिराळीं नांवें मिळत, आणि कित्येक नांवांमागें नेमका कोणता जंतु आहे हेंहि सांगतां येत नसे. म्हणून १ जानेवारी १९८० रोजीं मान्य नांवांची आंतरराष्ट्रीय यादी प्रसिद्ध झाली. जुन्या हजारों नांवांपैकीं सुमारें २,५०० तेवढीं तींत राहिलीं.

नोंद झाली म्हणजे चुका संपल्या, असें मात्र नाहीं. तोंडांत राहणारा एक जंतु रक्तांत शिरला तर हृदयाच्या झडपांस इजा करूं शकतो. १९४६ सालीं त्याचें नांव ‘स्ट्रेप्टोकॉकस सँग्विस’ असें ठेवलें गेलें. सँग्विस म्हणजे रक्त. पण व्याकरणानें तेथें षष्ठी हवी होती, ‘रक्ताचा’. १९९७ सालीं ट्रूपर व डी क्लारी या अभ्यासकांनीं ही चूक दाखवून दिली आणि नांव ‘सँग्विनिस’ झालें.

मग प्रत्येक चूक अशीच सुधारावी काय? २००५ सालीं हैदराबादेहून सोडलेल्या फुग्यानें उंच आकाशांतील हवा गोळा करून आणली. त्या हवेच्या नळ्यांत मिळालेल्या एका जंतूस २००९ सालीं ‘बॅसिलस आर्यभट्टाय’ असें नांव देण्यांत आलें. शोधनिबंधाच्या लेखकांत डॉ. जयंत नारळीकरहि होते. आतां ज्योतिषी आपलें नांव ‘आर्यभट’ असें एका ‘ट’नें सांगतो, हें संस्कृतज्ञांस ठाऊक आहे. पुढें २०२० सालीं या नांवाचें आडनांवासारखें पहिलें पद बदलून ‘प्रिस्टिया’ झालें. जोड ‘ट्ट’ मात्र तसाच राहिला. कारण मूळ प्रकाशनांतील रूप राखावें, छपाईची वा शुद्धलेखनाची चूक असेल तरच, आणि तीहि संयमानें, सुधारावी, असा नियम आहे.

या संयमाचें मोल प्लेगनें शिकविलें. १८९६ पासून त्या सांथीनें मुंबई इलाख्यांतील गांवें ओस पाडलीं, माणसें माळावर झोपड्यांत राहिलीं. त्या जंतूचें नांव ‘येर्सिनिया पेस्टिस’. १९८० च्या सुमारास तो ‘येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस’ या त्यामानानें सौम्य जंतूचा इतका जवळचा निघाला कीं, त्याचीच पोटजाति म्हणून त्याची नोंद झाली. शास्त्रदृष्ट्या तें सयुक्तिक होतें. परंतु सौम्य नांव वाचून एखादा डॉक्टर किंवा प्रयोगशाळेंतील मदतनीस गाफील राहिला तर? १९८५ सालीं नामकरणाच्या न्यायमंडळानें तें नवें नांव रद्द करून जुनेंच कायम केलें.

तेव्हां शिंदखेड्यास काय किंवा मुंबईस काय, तपासणीच्या कागदावर अनोळखी नांव दिसलें, तर नवा रोग आला म्हणून घाबरण्यापूर्वीं त्याचें जुनें नांव कोणतें, हें डॉक्टरांस अवश्य विचारावें. पुष्कळदां जंतु जुनाच असतो. बदललेली असते ती केवळ नोंद.