ठकीचा रंग, ठकीचं नाव

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज आपण बाहुलीबद्दल बोलणार आहोत.

जुन्या घरांत लाकडाची रंगवलेली ठकी असायची. आईच्या जुन्या लुगड्याची चिंधीची बाहुली तर आपल्यापैकी कितीतरी जणींनी खेळवली आहे. पुढे बाजारात प्लॅस्टिकची बाहुली आली आणि ठकी माळ्यावर गेली. आमच्या बचत गटाने ठरवलं, ठकीला पुन्हा खाली आणायचं. कापडाची, धुता येईल अशी. आणि एकटीच नाही, पाच मैत्रिणींची टोळी करायची. शिवण सगळ्यांनाच येत होती. वेळ लागला तो दोन गोष्टींना: कुणाचा रंग कोणता आणि कुणाचं नाव काय.

आधी रंगाचं सांगतो. बाहुली म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोरी-गुलाबीच येते. काळी बाहुली आपल्याकडे दिसते ती दारावर नाहीतर ट्रकला टांगलेली, लिंबू-मिरचीच्या शेजारी, दृष्ट लागू नये म्हणून. म्हणजे गोरी खेळायला आणि काळी टांगायला. आपल्या सावळ्या पोरी हेच बघत मोठ्या होतात.

पोरांना यातलं काय कळतं, असं कुणी म्हणेल. अमेरिकेत केनेथ आणि मॅमी क्लार्क या नवरा-बायकोने 1940 च्या सुमारास 3 ते 7 वर्षांच्या काळ्या मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. सगळ्या सारख्या, फक्त रंग वेगळा. छान कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती, असं विचारलं. बहुतेक मुलांनी छान म्हणून गोरी उचलली, आणि वाईट म्हणून काळी दाखवली. तुझ्यासारखी कोणती म्हटल्यावर काही मुलं रडली. 1954 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, तेव्हा निकालात या अभ्यासाचाही आधार घेतला होता. बाहुलीचा रंग लहान गोष्ट नाही ती अशी.

म्हणून आमच्या पाच जणी पाच रंगांच्या आहेत: गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी आणि काळीभोर. मांजरपाट चहापत्तीच्या पाण्यात उकळलं की गव्हाळ छटा येते, कातात तपकिरी येते. काळ्याभोर रंगासाठी पक्क्या रंगाचं तयार कापड घेतलं. कपड्यांचा नियम असा केला की काळ्या मुलीला फिकं नेसवायचं नाही. "तुला हा रंग शोभत नाही" हे तिने घरी पुष्कळ ऐकलेलं असतं. आमच्या काळ्याभोर बाहुलीचा परकर हळदी पिवळा आहे, काठ लालभडक.

प्रत्येकीच्या कपड्याचा रंग वेगळा ठेवला, म्हणजे अक्षर न येणारं पोरही लांबून ओळखतं. शिवाय नक्षीही वेगळी: एकीला ठिपके, एकीला चौकडा, एकीला खण. काही मुलांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, त्यांना नक्षीवरून ओळखता येतं.

आता नावं. काळी म्हणून कृष्णा आणि गोरी म्हणून गौरी, ही नावं पहिल्याच बैठकीत पुढे आली. दोन्ही सुंदर आहेत, पण कातडी बघून ठेवलेली, म्हणून बाजूला काढली. नाव तिला काय आवडतं त्यावरून ठेवायचं, असं ठरलं. रात्री तारे मोजणारी काळीभोर ती चांदणी. पळणारी गव्हाळ ती भिंगरी. गाणारी सावळी ती मैना. शेतात रमणारी गोरी ती सुगी. आणि निमगोरी ठकी पान्हा घेऊन पाण्याची मोटार दुरुस्त करते. आडनाव कुणालाच नाही, कारण आडनाव आलं की मागोमाग जात येते. आणि तीन वर्षांच्या पोराला उच्चारता येईल एवढंच नाव.

नावाचं मोल आपल्याला कुणी शिकवायला नको. मुलगाच हवा असताना मुलगी झाली की तिचं नाव नकुशी ठेवायचं, ही रीत आपल्याच मुलखातली. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात 285 नकुशींना समारंभाने नवी नावं मिळाली. हाक मारली की "नको" ऐकू येणं काय असतं, ते त्या मुलींना विचारावं.

तुमच्या गटाला अशा बाहुल्या करायच्या असतील तर दोन गोष्टी सांभाळा. रंगवलेलं कापड, पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. मग ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात घासा. फडक्याला रंग लागला तर ते कापड बाहुलीला नको, कारण बाळ बाहुली तोंडात घालतंच. हळदीचा रंग उन्हात उडतो आणि साबणाने लाल होतो, म्हणून पिवळं कापड तयार घेतलेलं बरं. डोळ्यांना बटण किंवा मणी लावू नका, घशात अडकतात. डोळे दोऱ्याने भरा.

पुढच्या बैठकीत पोरींनाही बोलवा. पाच कोऱ्या बाहुल्या मध्ये ठेवा आणि रंग-नावं त्यांनाच ठरवू द्या. त्या काय निवडतात ते बघा, आणि का निवडलं ते विचारा. ते ऐकल्यावर मगच कात्री हातात घ्या.