शुगर ग्लायडर आणण्याआधी
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)

मंडळातल्या दोन-तीन घरांतून सध्या आम्हां दोघांना एकच प्रश्न येतो : मुले शुगर ग्लायडर मागताहेत, आणावा का? आमच्याकडे अशी जोडी चार वर्षे आहे, म्हणून बोलायला उभे आहोत.

दिसतो खारीसारखा, पण ही खार नव्हे. आपल्या शूलपाणेश्वरच्या जंगलात उडणारी खार आहे, ती वेगळी. हा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचा, कांगारूच्या गोत्यातला. मादीच्या पोटाला पिशवी असते, पिल्लू तिच्यात साधारण ७० दिवस वाढते. वजन १०० ते १५० ग्रॅम. पुढच्या-मागच्या पायांमधला कातडीचा पडदा ताणून तो झाडावरून झाडावर तरंगत जातो.

जंगलात तो झाडांचा चीक, बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक, मकरंद आणि किडे खातो. आपल्याकडे तर समोर येईल त्याला खाऊ घालायची सवय! नुसत्या फळांवर ठेवला तर कॅल्शियम कमी पडते, हाडे ठिसूळ होतात आणि मागचे पाय लुळे पडतात. पपई, आपल्या पादऱ्याची ताजी भाजी चालते. पण प्रथिनांसाठी उकडलेले अंडे, किडे लागतातच. ज्या घरात अंडे येत नाही त्यांनी हे आधीच ठरवावे. कांदा, लसूण, चॉकलेट वर्ज्य. मोदकही नाही, बाप्पाच्या उंदराला चालत असला तरी.

एकटा ठेवू नका. हा कळपातला जीव. एकटेपणाने स्वतःची लव उपटतो, शेपूट कुरतडतो.

दिवसभर झोपतो आणि आपण अंथरुणाला पाठ टेकली की उठतो. मग भुंकतो. होय, भुंकतोच. बाहेर सोडण्याआधी छताचा पंखा बंद, खिडक्या बंद, बादल्या झाकलेल्या, कमोडचे झाकण खाली. बडोद्याच्या मे महिन्यात पिंजरा बाल्कनीत ठेवाल तर उष्म्याने दगावेल. विसर्जनाच्या दिवशी ढोल-ताशांपासून लांब, आतल्या खोलीत.

आता मुख्य गोष्ट. नीट सांभाळला तर हा दहा-बारा वर्षे जगतो. हट्ट करणारे मूल अकरावीत असते; चार वर्षांत ते पुण्याला, नाहीतर कॅनडाला. आमच्याकडे तसेच झाले. आता साठीपुढचे आम्ही दोघे रात्री साडेदहाला पपईचे बारीक तुकडे करत बसतो. तक्रार नाही, लळा लागला आहे. पण पुण्याला लग्नाला दोघांनी मिळून जायचे म्हटले तर जोडी कुणाकडे ठेवायची? शेजारी कुत्रा सांभाळतील, याला हात लावायला घाबरतात. गायी-म्हशींचे डॉक्टर जवळ मिळतात. याची माहिती असलेले डॉक्टर बडोद्यात शोधून ठेवावे लागतात, आणि तेही प्राणी घरी यायच्या आधी.

तेव्हा मुलांना घेऊन एकदा आमच्याकडे या, रात्री दहानंतर. चिवडा आम्ही देऊ. पपई मात्र मुलांनी कापायची, आणि पहाटे पिंजराही त्यांनीच धुवायचा.