थकलेला कर आणि स्वयंरोजगारी कुटुंब

(व्याख्यानाचा लिखित मजकूर)



नोकरदार माणसाचा आयकर वेतन हाती पडण्यापूर्वीच कापला जातो. स्वतःच्या हिमतीवर चरितार्थ चालवणाऱ्यांची स्थिती निराळी असते. दवाखाना चालवणारा डॉक्टर, शिकवणी घेणारा शिक्षक, नकाशे काढणारा वास्तुविशारद, वीजजोडणीची कामे घेणारा कंत्राटदार, घरगुती उद्योग उभा करणारी गृहिणी या सर्वांच्या हाती बहुतेक रक्कम जशीच्या तशी येते. तिच्यातला काही भाग शासनाचा आहे, याची आठवण त्या क्षणी कोणी करून देत नाही. मग मुलांचे शिक्षण, दुकानाचे भाडे, घरातले लग्नकार्य यांत तो भाग कधी विरून जातो हे कळतही नाही. कराच्या थकबाकीचा उगम पुष्कळदा लबाडीपेक्षा या गाफीलपणात असतो. परंतु उगम कोणताही असो, परिणाम सारखेच कठोर असतात आणि ते सोसावे लागतात संपूर्ण कुटुंबाला.

थकबाकी साचते कशी?

'आमचा टीडीएस कापला जातो, मग आणखी कर कसला?' हा प्रश्न अनेक व्यावसायिक विचारतात. एक उदाहरण घेऊ. एका कंत्राटदाराची २०२५-२६ या वर्षातील बिले ६० लाख रुपयांची आहेत आणि खर्च वजा जाता त्याचे उत्पन्न १८ लाख आहे. व्यक्तीला दिलेल्या कंत्राटाच्या रकमेतून १ टक्का, म्हणजे ६० हजार रुपये कापले गेले. नव्या करप्रणालीनुसार त्याचा कर, उपकरासह, १ लाख ६६ हजार ४०० रुपये होतो. म्हणजेच १ लाख ६ हजार ४०० रुपये त्याने स्वतः भरावयाचे असतात, आणि तेही वर्ष संपण्यापूर्वी. ज्याचा टीडीएस वजा जाता कर १० हजार रुपये वा अधिक आहे, त्याने १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत संपूर्ण आगाऊ कर भरावा, अशी रीत आहे. अनुमानित पद्धतीने उत्पन्न दाखवणाऱ्यास १५ मार्चचा एकच हप्ता पुरतो. या तारखा चुकल्या की व्याज सुरू होते.

२०२५च्या अर्थसंकल्पाने नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करसवलत दिली, त्यामुळे लहान व्यावसायिकांना मोठा दिलासा मिळाला. तथापि, त्या सवलतीने मागील वर्षांची थकबाकी पुसली जात नाही. १ एप्रिल २०२६ पासून १९६१च्या कायद्याची जागा आयकर कायदा, २०२५ ने घेतली. परंतु जुन्या वर्षांची देणी जुन्या कायद्यासोबत संपली, असा समज कोणी करून घेऊ नये.

वस्तू व सेवा कराचा प्रश्न तर अधिक गंभीर आहे. हा कर व्यावसायिक ग्राहकाकडून गोळा करतो. तो पैसा त्याचा नसतोच. वसूल केलेला कर धंद्याच्या भांडवलात फिरवणे म्हणजे दुसऱ्याची ठेव वापरणे होय. तो उशिरा भरल्यास वार्षिक १८ टक्के दराने व्याज पडते. सलग सहा महिने विवरणपत्रे न भरल्यास नोंदणी रद्द होऊ शकते, आणि नोंदणी गेलेल्या माणसाला मोठी कंपनी काम देत नाही. म्हणजे थकबाकी फेडण्याचे साधनच हातून निसटते.

व्याज आणि जप्ती

आयकराच्या मागणीची नोटीस मिळाल्यावर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत रक्कम भरावी लागते. त्यानंतर दरमहा १ टक्का व्याज चालू होते. महिन्याचा एक दिवस गेला तरी तो पूर्ण महिना धरला जातो. १ लाखाच्या मागणीवर पाच वर्षांत ६० हजार रुपये केवळ या एका व्याजाचे होतात. त्याशिवाय दंड होऊ शकतो आणि त्याची मर्यादा थकलेल्या कराइतकी असू शकते. पुढील वर्षांचा परतावाही या मागणीपोटी वळता केला जातो.

एवढ्यावर भागले नाही, तर करवसुली अधिकाऱ्याच्या हाती मोठे अधिकार आहेत. तो बँकेला पत्र पाठवून खात्यातील रक्कम घेऊ शकतो. ज्या ग्राहकाकडून व्यावसायिकाला पैसे येणे आहे, त्या ग्राहकालाही ते परस्पर शासनाकडे भरण्याचा आदेश देऊ शकतो. असे पत्र ग्राहकाच्या कार्यालयात पोहोचले की वर्षानुवर्षे कमावलेली पत एका दिवसात जाते. स्थावर-जंगम मालमत्तेची जप्ती आणि लिलाव या त्यापुढच्या पायऱ्या. देण्याची ऐपत असूनही न देणाऱ्याला, किंवा मालमत्ता लबाडीने दुसऱ्याच्या नावे करणाऱ्याला अटक करण्याची तरतूदही कायद्यात होती. वसुलीची ही चौकट नव्या कायद्यानेही मूलतः कायम ठेवली आहे.

कायदा निष्ठुर आहे असे मात्र म्हणता येणार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेने आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारे आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे अलंकार जप्तीबाहेर ठेवले आहेत. आयकराच्या वसुलीतही हीच मर्यादा पाळली गेली आहे.

भार कोणावर पडतो?

घरातील कर्ता पुरुष मागणीची नोटीस पुष्कळदा घरात दाखवत नाही. त्याच्या पश्चात ती समोर येते, तेव्हा पत्नी आणि मुले गोंधळून जातात. आपल्याकडे वडिलांचे ऋण मुलाने फेडावे असा संस्कार आहे. कायदा मात्र त्याला मर्यादा घालतो. वारसांची जबाबदारी मृताकडून आलेल्या मालमत्तेपुरती असते. परंतु देणे बाकी असताना वारसाने ती मालमत्ता विकली वा गहाण टाकली, तर तेवढ्या किमतीपुरता तो व्यक्तिशः जबाबदार ठरतो. वडिलांचे घर विकण्याची घाई करणाऱ्या भावंडांनी हे ध्यानात ठेवावे.

जुनी देणी आपोआप विसरली जातात, हाही भ्रमच. फेब्रुवारी २०२४च्या अंतरिम अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी किरकोळ मागण्या मागे घेतल्याची घोषणा केली, तेव्हा त्यांतील काही १९६२ सालापासूनच्या आहेत, असे त्यांनी सांगितले. २००९-१० पर्यंतच्या २५ हजारांच्या आतील आणि २०१०-११ ते २०१४-१५ या काळातील १० हजारांच्या आतील मागण्यांना ही माफी होती. त्याहून मोठ्या मागण्या नोंदवहीत तशाच राहिल्या.

वेळीच पुढे आल्यास मार्ग आहेत

नोटीस आली की प्रथम ती खरी आहे का, हे पाहावे. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या पत्रांवर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. फसवणुकीचे दूरध्वनी वाढले असताना ही सवय आवश्यक आहे. त्यानंतर मागणी बरोबर आहे का, हे पाहावे. चलनावर वर्ष चुकीचे पडले, किंवा ग्राहकाने कापलेला टीडीएस आपल्या नावे भरला नाही, अशा कारणांनीही मागणी निघते. तेथे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. मागणी मान्य नसेल तर ३० दिवसांत अपील करता येते. परंतु केवळ अपिलाने वसुली थांबत नाही. स्थगितीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि सामान्यतः वादातील रकमेचा काही भाग भरण्यास सांगितले जाते.

मागणी खरी आहे, पण पैसा नाही, अशा वेळी मुदत संपण्यापूर्वी हप्त्यांसाठी अर्ज करावा. अधिकाऱ्याला तशी सवलत देण्याचा अधिकार आहे. मागील वर्षांचे उत्पन्न दाखवायचे राहून गेले असेल, तर सुधारित माहितीचे अद्ययावत विवरणपत्र भरण्याची सोय २०२२ मध्ये झाली आणि २०२५ मध्ये तिची मुदत चार वर्षांपर्यंत वाढली. त्यासाठी २५ ते ७० टक्के अतिरिक्त कर पडतो. उशीर जितका अधिक, तितका भार अधिक.

घराची शिस्त

या सर्वांहून सोपा उपाय घरातच आहे. प्रत्येक बिलाची रक्कम आली की तिचा ठरावीक हिस्सा वेगळ्या बँक खात्यात टाकावा आणि त्या खात्याला घरखर्चासाठी हात लावू नये. वस्तू व सेवा कराची रक्कम तर त्याच दिवशी बाजूला काढावी. आयकर खात्याकडे नोंदवलेला भ्रमणध्वनी आणि ई-मेल आपला आहे की करसल्लागाराचा, हे आजच तपासावे. अनेकांच्या नोटिसा सल्लागाराच्या पेटीत पडून राहतात. आणि कराचा हिशेब पती-पत्नी दोघांनाही ठाऊक असावा.

१९२८ साली बारडोलीच्या शेतकऱ्यांनी वाढीव सारा भरण्यास उघड नकार दिला आणि जप्ती ताठ मानेने सोसली. ते परक्या सत्तेशी लढत होते. आज शासन आपले आहे. कौटिल्याने राज्याच्या सात अंगांत कोशाची गणना केली. तो कोश भरण्यातला आपला वाटा वेळेवर देणे हे नागरिकाचे कर्तव्य आहेच. त्याच वेळी ते घरावरचे छप्पर सांभाळणेही आहे. कपाटात न उघडलेले एखादे पाकीट असेल, तर ते आज घरी गेल्यावर उघडावे. देणे कळले की फेडता येते. न कळलेले देणे मात्र पुढच्या पिढीच्या दारात जाऊन उभे राहते.